रविवारची काहील

कोणतीही बाटली, पुडी किंवा डबी हातात आली की सर आधी चष्मा कपाळावर चढवायचे. मग वस्तू हातभर लांब धरायचे, उलटी करून बुडाकडून बघायचे आणि विचारायचे, "ह्याचं नाव काय?"

समोरचा म्हणायचा, पावडर आहे.

"पावडर हे रूप झालं. नाव सांगा."

आता अशा माणसाबरोबर एका स्टाफरूममध्ये वर्षानुवर्षं काढायची म्हणजे काय होत असेल, याची कल्पना तुम्हीच करा. आमच्या प्राचार्यांच्या पित्ताच्या औषधाला आम्ही सगळे 'ते गुलाबी' म्हणायचो. सरांनी प्राचार्यांना समजावून सांगितलं की गुलाबी हा रंग झाला. प्राचार्य म्हणजे गुळाचा गणपती, ते 'बरं' म्हणाले आणि पुन्हा गुलाबीच मागू लागले. शिपाईमामा फरशी पुसायला काहीतरी वासाचं ओतायचे. वास हा गुण झाला. शेवटी मामांनी बाटलीवरचा कागद सोलून सरांच्या टेबलावर चिकटवला आणि म्हणाले, वाचत बसा आणि मला काम करू द्या. सरांनी तो खरोखरच वाचला. कंपनीनं आतल्या जिनसांची नावं अर्धीच दिली आहेत म्हणून दिवसभर ते खिन्न होते.

मी त्या ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवते. ते रसायनशास्त्र शिकवायचे. गाव त्यांचं पेठ वडगावच्या अलीकडे, रोज फटफटीवरून कोल्हापुरात यायचे. माझ्या विषयाबद्दल त्यांना सहानुभूती होती, आदर नव्हता. एकदा म्हणाले, "मॅडम, पाण्याला किती नावं हो तुमच्यात? जल, नीर, उदक, तोय. एवढी लागतात कशाला? एक धड ठेवायचं की." मी म्हटलं, सर, कवीला वृत्तात बसवायला लागतात. त्यावर शांतपणे म्हणाले, "मग वृत्त बदला." वादात मी सहसा कुणाला हार जात नाही, पण या माणसापुढे मी डबा उघडून जेवायला बसायचे.

आमच्या दोघांच्या वर्गांमध्ये फळ्यांची भिंत होती, वरून हातभर उघडी. त्यामुळे माझ्या मुलांना कवितेबरोबर रासायनिक बंध फुकट मिळायचा. मलाही मिळाला. अकरावीच्या पुस्तकात न बघता मी आजही सांगू शकते की मिठात नक्की काय झालं.

"अणूला हाव नसती," पलीकडून आवाज यायचा. "अडचण असती." सोडियमकडे एक इलेक्ट्रॉन जास्तीचा, क्लोरीनला एक कमी. एकानं दिला, दुसऱ्यानं घेतला, दोघांची अडचण मिटली. पण दिल्याघेतल्यावर एक धन झाला, एक ऋण झाला, आता लांब जातो म्हटलं तरी जाता येत नाही. "देणारा बी अडकला, घेणारा बी अडकला. ह्याला आयनिक बंध म्हणायचं. लिहून घ्या." सहसंयुज बंधाला त्यांच्याकडे सामायिक विहीर असायची. दोन भावांची विहीर आहे, निम्मी उचलून घरी नेता येते काय? येत नाही. मग दोघांनी विहिरीजवळच राहायला लागतं. पोरं हसायची. सर हसायचे नाहीत, कारण ते विनोद करतच नसायचे.

मग संयुगांची नावं. धातू आधी, जसाच्या तसा. अधातू मागून, शेपूट बदलून. लोखंडाचं मात्र घरागणिक वागणं वेगळं, एका ठिकाणी दोन देतं, दुसऱ्या ठिकाणी तीन, म्हणून कंसात आकडा घालायचा. "न्हायतर पुढच्याला कळणार कसं, आलेला पावणा कुठला?" कार्बनच्या दोन ऑक्साइडांपाशी आले की आवाज जरा खाली यायचा. "पेपरात एक ऑक्सिजन कमी लिहिला तर मार्क जातोय. बाथरूम बंद करून गॅसचा गिझर लावला तर माणूस जातोय. दोन्ही टाळा."

एकदा स्टाफची जोतिबाला सहल गेली. डोंगरावर पायरी दिसत नाही इतका गुलाल. सरांनी दुकानात पुडी उचलली, हातभर लांब धरली. आम्हा सगळ्यांना कळून चुकलं आणि आम्ही पुढे सटकलो. दुकानदार म्हणाला, पावणं, गुलाल हाय. सर म्हणाले, ते कळलं, आत काय हाय? दुकानदारानं त्यांच्याकडं नीट बघितलं आणि म्हणाला, "आत देव हाय. घेणार काय?" सरांनी दोन पुड्या घेतल्या, कपाळभर लावल्या आणि परतीच्या बसमध्ये मला सांगितलं की माणूस प्रामाणिक होता, माहिती नसताना दुसरं काही सांगितलं नाही.

इथवर सगळं हसण्यावारी नेण्यासारखं होतं. पण सरांना एक घर होतं, आणि त्या घराचं गुऱ्हाळ होतं.

वडील लवकर गेलेले. थोरला भाऊ, त्याला सर आणि सगळं गाव दादा म्हणायचं, शाळा सोडून गुऱ्हाळाच्या चुलवाणापुढं उभा राहिला. धाकट्याला त्यानं शहरात होस्टेलला ठेवलं, एम.एस्सी. केलं. दोघांचं अजून एकत्र होतं. जमीन दोघांच्या नावावर, चूल एक, आणि सरांच्या डब्यात भाकरी कधी त्यांच्या बायकोच्या हातची तर कधी दादांच्या बायकोच्या. मी खाऊन ओळखायला शिकले होते.

गुऱ्हाळ न बघितलेल्यांसाठी सांगते. उसाचा रस मोठ्या काहिलीत उकळतात, वर येणारी मळी झाऱ्यानं काढत राहतात, आणि आटून घट्ट झाला की साच्यात भरतात. साच्यातून निघते ती ढेप, आमच्याकडं तिला रवा म्हणतात. अशा रव्यांच्या रांगा मार्केट यार्डात लागतात, व्यापारी रांगेनं फिरतात आणि बोली होते, तो सौदा. व्यापारी बघतो रंग. पिवळाधमक असला तर थांबतो, काळपट असला तर पुढं जातो. म्हणून उकळीत एक पांढरी पावडर पडते, तिनं रंग उजळतो. आणि जवळपास प्रत्येक गुऱ्हाळवाला एक काहील वेगळी काढतो, तिच्यात पावडर पडत नाही. तो घरचा गूळ. घरचा काळा, बाजारचा पिवळा. सगळ्यांना ठाऊक असतं आणि कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही. मलाही वाटलं नव्हतं.

संयुगांची नावं शिकवून झाली की सरांचा एक गृहपाठ असायचा. घरात जे काही बिननावाचं असेल ते चिमूटभर आणायचं. पोरं तुरटी आणायची, मोरचूद आणायची, आजीचा पापडखार आणायची. सर प्रत्येकाचं नाव फळ्यावर लिहायचे आणि ज्यानं आणलं त्याच्याकडून ते फोडून घ्यायचे, धन कोण, ऋण कोण. त्या वर्षी एका मुलीनं प्लॅस्टिकच्या पिशवीतून पांढरं काहीतरी आणलं. मी पलीकडे कविता शिकवत होते.

ती म्हणाली, सर, पावडर.

"पावडर हे रूप झालं."

ती म्हणाली, आमच्या गुऱ्हाळात सगळे पावडरच म्हणतात.  मग फळ्यावर खडू वाजला. त्यांनी सावकाश वाचून दाखवलं, सोडियम डायथायोनाइट. सोडियम धन, म्हणून आधी. हे दुसऱ्याकडचा ऑक्सिजन ओढून घेतं, त्यामुळं रंग उडतो. कापड रंगवायच्या कारखान्यात वापरतात. गुळाचा उडालेला रंग काही महिन्यांनी परत येतो, गूळ ठेवला की काळवंडतोच. सगळं नेहमीच्या आवाजात.

मुलगी धीट होती. तिनं विचारलं, सर, मग घरच्या गुळात आम्ही ते का घालत नाही?

पलीकडं खडू खाली ठेवल्याचा आवाज आला.

"तुमच्यात घालतात काय, सर?"

"घालतात."

"आणि तुमच्या घरच्या गुळात?"

"न्हाय."

माझा वर्गही तिकडंच कान लावून होता. मी खडू हातात धरून उभी होते, आणि कवितेची कुठली ओळ चालली होती ते मला आठवेना.

त्या दिवशी सरांनी डबा उघडला नाही. मी म्हटलं, अहो, सगळेच घालतात, तुम्ही एकटे काय करणार. मला वाटलं मी धीर देतेय. ते म्हणाले, "मॅडम, नाव मला पहिल्यापासनं माहीत हाय. पोरीनं आज विचारलं एवढंच." आणि तास होता, म्हणून उठून गेले.

घरी जाऊन त्यांनी दादांना सांगितलं की उद्यापासून पावडर बंद. दादांनी विचारलं, बाजार तुझा मेहुणा हाय काय? सर म्हणाले, आपण खात नाही ते लोकांना घालतोय. मग दादा म्हणाले, "तुझ्या शिक्षणाला ही पावडर चालली. तेव्हा नाव इचारलं न्हाईस." हे मला सरांनीच सांगितलं, आणि वर म्हणाले की मुद्दा बिनतोड होता.

तिथं दोघांचं बोलणं बंद झालं. पण बोलणं बंद म्हणजे तुमच्या-आमच्या घरात होतं तसं नाही. एकाच ओसरीवर जेवायला बसायचे. दादा म्हणायचे, त्याला विचार आमटी पाहिजे काय. सर म्हणायचे, दादाला सांग नको. वाढणारी बाई मध्ये पळी धरून उभी. गावातल्या शहाण्यांनी वाटणीचा सल्ला दिला. सरांनी वाटणी मागितली नाही, आणि दादांनी दिली नाही. त्याऐवजी एक दिवस दादांनी गूळ शिजवणाऱ्या गुळव्याच्या तोंडून निरोप पाठवला. रविवारची काहील त्याची. त्या दिवशी त्याला काय करायचं ते करू दे, सोमवार ते शनिवार मी बघतो.

त्याच हंगामात मी एका रविवारी नवऱ्याला घेऊन काकवी आणायला गेले. सर काहिलीपाशी झारा घेऊन उभे होते, शर्टाच्या बाह्या वर, चष्मा कपाळावर. दादा लांब, चिपाडांच्या ढिगापाशी, पाठ करून. मी भांडायच्या तयारीनंच गेले होते. काही झालं तरी सर आमचे. दादांनी माझ्यासाठी खुर्ची पुसली, पाणी दिलं आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणाले, "तो खरं बोलतोय, मला कळतंय की. पण मॅडम, खरं बोलायला पगार लागतो. मला पगार न्हाय."

 मला पगार आहे. मी काकवी घेतली आणि आले.

रविवारचा गूळ सौद्याला गेला. सर रजा टाकून स्वतः रव्यांपाशी उभे राहिले. प्रत्येक रव्यावर चिकटवलेल्या चिठ्ठीवर आत काय काय आहे त्याची नावं होती, ऊस, चुना, भेंडीचा रस, बस. व्यापारी आले, चिठ्ठी न वाचता रंग बघून पुढं गेले. एकानं थांबून विचारलं की सर, तुमचा पोरगा माझ्या पोराबरोबर शिकतो काय. बाकी काही विचारलं नाही. गूळ परत आला आणि सोमवारी आमच्या स्टाफरूमच्या कपाटावर चढला.

तो आम्ही घेतला. न घेऊन करता काय? इंग्रजीच्या बाई मधुमेही, त्यांनीही घेतला. प्राचार्यांनी घेतला. शिपाईमामांनी घेताना बोटानं टोकरून विचारलं, ह्याचं नाव काय? सर म्हणाले, "गूळ." त्यांच्या तोंडून एवढं साधं उत्तर आम्ही पहिल्यांदा ऐकलं. माझ्या घरी त्या होळीला पुरण इतकं काळं झालं की सासूबाईंनी विचारलं, करपवलंस काय? मी म्हटलं, आई, हा खरा रंग आहे. त्या म्हणाल्या, असेल, पण पाव्हण्यांना वाढू नको. चवीला मात्र तो गूळ असा होता की दुसऱ्या दिवशी त्यांनीच डबा मागितला.

पुढच्या हंगामातही तेच चालू राहिलं. रविवारी काळा, बाकी दिवस पिवळा. आम्ही सगळे काळा गूळ खाऊन कंटाळलो होतो आणि कुणी तसं म्हणत नव्हतं. सरांना एकदा मी विचारलं, मिळतं काय यातून? म्हणाले, काही नाही. मग दादांशी बोला तरी. तेव्हा खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, "मला सौदा नको हाय, मॅडम. दादानं एकदा माझ्या काहिलीपाशी यावं, एवढंच." एवढं बोलले आणि लगेच वह्या तपासायला घेतल्या. मी त्या दिवशी ओळखलं की गूळ विकला जातो की नाही याचं या माणसाला फारसं पडलेलं नाही.

माघात सरांना छातीत दुखायला लागलं. शुक्रवारी रात्री त्यांना कोल्हापुरात दवाखान्यात आणलं. मी शनिवारी गेले तर दादा बाहेरच्या बाकावर बसलेले. आत गेले नव्हते. डॉक्टरांनी सांगितलं होतं की काही खरं नाही, घरच्यांनी जवळ राहा. रविवारी सकाळी मी परत गेले तर बाक रिकामा. सरांची बायको म्हणाली, दादा पहाटेच्या गाडीनं गावी गेले. का, ते सांगितलं नाही.

माझं डोकंच फिरलं. भाऊ असा पडलेला, आणि याला गुऱ्हाळ सुचतं? मी मनातल्या मनात त्या माणसाला येतील तेवढ्या शिव्या दिल्या. मराठीची असल्यामुळं मला बऱ्याच येतात. सरांना कुणी सांगितलं नव्हतं, पण त्यांनी दारातून बाकाकडं बघितलं होतं. त्यांच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. ते दिवसभर डोळे मिटून होते, झोपलेले नव्हते. मी पायाशी बसून होते आणि मला रडू येत होतं, खोटं कशाला सांगू.

दिवे लागायच्या सुमाराला दादा आले. अंगावर सकाळचेच कपडे, शर्टावर छातीभर रसाचे वाळलेले शिंतोडे, हाताला धुराचा आणि उकळत्या रसाचा वास. सगळा वॉर्ड त्या वासानं भरून गेला. ते तडक आत आले, कॉटशी वाकले आणि चुलवाणापुढं बोलतात तेवढ्या मोठ्या आवाजात म्हणाले, "रविवार हाय म्हणून गेलतो. तुझी काहील काढून आलो. घातली न्हाय."

सरांनी डोळे उघडले. मास्क हातानं बाजूला केला.

"मळी नीट काढलीस न्हवं?"

"काढली."

"चुना?"

"तू घालतोस तेवढाच."

"रंग?"

"काळा पडलाय," दादा म्हणाले. "तुझ्यागत."

सर हसले. इतक्या वर्षांत मी त्यांना हसताना पहिल्यांदा बघितलं, दात थोडे पुढं होते. नर्स धावत आली आणि म्हणाली की पेशंटला बोलू देऊ नका. मी तिचा हात धरून तिला बाहेर घेऊन गेले. मी म्हटलं, बाई, वर्ष झालं, बोलू दे. तिला काही कळलं नाही, पण ती थांबली. आतून दोघांचे आवाज येत होते. चिपाडं ओली होती, गुळव्या उशिरा आला, दोन रवे साच्यात चिरले. एवढंच बोलत होते. बराच वेळ बोलत होते.

मंगळवारी सर गेले.

त्यांच्या जागी आता एक तरुण मॅडम आल्या आहेत, छान शिकवतात. फळ्यांच्या भिंतीच्या जागी सिमेंटची भिंत झाली, पलीकडचं काही ऐकू येत नाही.

गेल्या महिन्यात भावाच्या मुलीच्या लग्नाचा गूळ घ्यायचा होता म्हणून मी मार्केट यार्डात गेले. सौदा चालू होता. पिवळ्या रव्यांच्या रांगांच्या शेवटी दादा उभे होते, धुतलेला सदरा, टोपी, आणि पुढ्यात काळे रवे. सोमवार ते शनिवार ते अजून पावडर घालतात, हे त्यांनी मला न विचारता सांगितलं. रविवारी घालत नाहीत. व्यापारी नेहमीसारखे बघून पुढं जात होते. एक नवीन, तरुण व्यापारी मात्र थांबला. त्यानं रव्याला सुरी लावली, कपरा तोंडात टाकला, परत एकदा रंगाकडं बघितलं आणि विचारलं, "कुणाचा हाय हा?"

दादांनी टोपी सारखी केली.

"धाकट्याचा."